तिजोरीची दुसरी चावी

प्रिय पश्या,

तुझा मेसेज दोनदा वाचला. नवीन पोरगा मीटिंगला कॅमेरा ऑन करत नाही, सहा वाजले की ऑफलाइन, कुणाशी धड बोलत नाही, म्हणून तू जाम वैतागलायस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत उत्तर द्यायला बसलो पण जमेना, कारण गेल्या वर्षी तासगावच्या ब्रँचला आल्या आल्या मीपण तुझ्यासारखाच वैतागून वागलो होतो आणि ते अजून मनातून जात नाही.

तुला माहितीये ना, बँकेची तिजोरी एका माणसाला उघडता येत नाही. जॉइंट कस्टडी असते. एक चावी माझ्याकडे, दुसरी आमच्या हेडकॅशियर मॅडमकडे, दोघं हजर असल्याशिवाय कॅश बाहेर निघत नाही. आणि मॅडम उशिरा यायच्या. दहाला काउंटर सुरू, बेदाण्याच्या सीझनमधे बाहेर ही गर्दी, आणि मी एक चावी हातात घेऊन उभा. कधी सव्वादहा, कधी साडेदहा. कारण विचारलं की "गाडी चुकली सर" एवढंच. दोन महिन्यांनी मी सगळ्यांसमोर बोललो, की मॅडम घर सांभाळायचं असेल तर नोकरी कशाला करता. त्या गप्प बसल्या आणि कॅश मोजायला लागल्या.

नंतर शिपाईमामांनी सांगितलं. मॅडमच्या मिस्टरांच्या किडन्या गेल्यात, मिरजेला डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास मशीनवर. मंगळ, गुरु, शनि. सकाळच्या शिफ्टला त्यांना मशीनवर लावून बाई एसटीने यायच्या. मी हजेरी काढून बघितली तर उशीर फक्त त्याच वारांना होता रे. एवढं समोर होतं आणि मला दिसलं नाही.

का दिसलं नाही याचाच मी खूप विचार केला. तुला माहितीये, आमचं नवराबायकोचं वेगळं झाल्यापासून मी इथे एकटाच राहतोय. खोलीवर जाऊन करायचं काय, म्हणून डे एंड झालं तरी आठ-साडेआठपर्यंत ब्रँचमधेच बसायचो आणि जो सहाला बॅग उचलेल तो मला कामचुकार वाटायचा. म्हणजे माझं घर रिकामं होतं त्याचा राग मी ज्यांचं घर भरलेलं आहे त्यांच्यावर काढत होतो. मॅडमच्या घरचं ऑफिसात येत होतं तसं माझंही येत होतं, फक्त माझं कुणी हजेरीत लिहीत नव्हतं.

माफी मागितली. मग मार्ग काढला की त्या तीन दिवसांच्या आदल्या संध्याकाळी त्यांची चावी दुसऱ्या ऑफिसरकडे द्यायची. पण चावी अशी सहज देता येत नाही, आधी सगळी कॅश मोजायची, रजिस्टरला दोघांच्या सह्या, अर्धा-पाऊण तास सहज जातो. आमचा सगळ्यात ज्युनिअर ऑफिसर स्पष्ट बोलला, "सर माझं लग्न झालं नाही म्हणून दर वेळी मीच थांबायचं का?" पहिल्यांदा राग आला मला. पण तो जेएआयआयबीचा, म्हणजे बँकवाल्यांच्या परीक्षेचा, अभ्यास करतोय, रात्रीचे दोन तास त्याला तेवढेच मिळतात, आणि खरं सांगू का, बरोबर होतं त्याचं. आजारपण, लेकरं असली की आपण लगेच समजून घेतो, आणि एकट्या माणसाचा वेळ मात्र सगळ्यांच्या मालकीचा. मग फील्ड ऑफिसर आणि तो, दोघांनी वार वाटून घेतले. त्याच्या परीक्षेच्या महिन्यात मॅडम स्वतःच म्हणाल्या, याला सोडा, मी दीराला पाठवते मिरजेला. हे मी सांगितलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, त्या पोराला सगळ्यांसमोर काही बोलू नकोस. घरी काय चाललंय असंही खोदून विचारू नको, मॅडमनी माझ्यापासून लपवलं कारण दया नको होती त्यांना, आणि तो त्यांचा हक्क होता. फक्त विचार की तुला कुठली वेळ सोयीची पडते. सांगितलं तर सांगेल, नाही सांगितलं तरी मीटिंगची वेळ बदलून बघ.

माझं बरं चाललंय. आता मीपण सहाला निघतो, मंडईतून भाजी घेतो, कुकर लावतो. येत्या चौथ्या शनिवारी सुट्टी आहे, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला येतोय, स्वारगेटला घ्यायला ये. वहिनींना सांग, बेदाणे आणतोय, दुकानातनं घेऊ नका.

तुझाच,
मी