हातमोजा

अमळनेर,
रविवार, दुपार

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर हे बोलता येत नाही. तुझे पप्पा फोन आला की आधी स्पीकर लावतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुला काही लिहिलं तर तेच मला मोठ्याने वाचून दाखवतात. आत्ता ते बाजारात गेलेत, म्हणून वहीचे कागद फाडून बसले आहे.

पहिली गोष्ट. आम्ही केदारकंठ्याच्या शिखरावर पोहोचलो नाही.

तुला त्यांनी वेगळं सांगितलंय, मला माहीत आहे. मी शेजारीच बसले होते. प्रताप कॉलेजच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींनाही तेच सांगितलंय, आणि ती मंडळी आता त्यांना शाल-नारळ देणार आहेत. गेल्या वर्षी एस.टी.तून रिटायर झाले तेव्हा मिळालेली शाल अजून प्लास्टिकमध्येच आहे. असो.

तू आणि जावईबापूंनी हौसेने बुकिंग केलंत, जाकिटं पाठवलीत, बूट पाठवलेत. बूट इथेच रोज घालून रुळवून घ्या असं तू दहा वेळा बजावलंस, म्हणून महिनाभर त्या बुटांत मी भाजी आणायला गेले. गल्लीतल्या बायका विचारायच्या, पायाला काय झालं? तुला खरं काय घडलं ते कळायला हवं, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

डेहराडूनहून सांकरीला जायला पूर्ण दिवस लागतो. दोनशेच किलोमीटर, पण मसुरीनंतर सगळी वळणं. पुरोला, मोरी, आणि खाली टोन्स नदी हिरवीगार. मला ती नदी डोळे भरून बघायची होती. तुझ्या पप्पांनी बघू दिली नाही. बत्तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसला की काय होतं ते तुला माहीत आहे. दर वळणावर त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. "आता सेकंड टाक... टाक बाबा सेकंड... नाही टाकला!" कन्नडच्या घाटाचे आणि तोरणमाळच्या सात पायऱ्यांचे दाखले ऐकून शेवटी त्या ड्रायव्हरने गाण्याचा आवाज वाढवला.

सांकरी साधारण साडेनऊशे-हजार उंबऱ्यांचं असेल असं मला वाटलं होतं, तर ते इतकुसं निघालं. देवदाराच्या लाकडाची घरं, बाहेर लाकडाच्या रचलेल्या मोळ्या. रात्री जेवायला राजमा आणि काळसर रोटी. "मंडुवा" म्हणाली वाढणारी बाई. मी तोडून तोंडात घातली तर आपली नागली गं! धडगावकडून येते तीच. दीड हजार किलोमीटर जाऊन मी नागलीची भाकर खाल्ली आणि मला एकदम घरच्यासारखं झालं.

तिथेच ती दोघं भेटली. तिकडे मेंढ्या राखणारी भोटिया कुत्री असतात, अंगावर घोंगडी पांघरल्यासारखे केस. मोठ्या कुत्र्यांच्या गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा असतो, बिबट्याने मान धरू नये म्हणून. ही दोघं मात्र जेमतेम वर्षाची, बिनपट्ट्याची, बिनकामाची. एक काळंकुळकुळीत, एक तपकिरी आणि गोल. पप्पांनी लगेच बारसं केलं, वांगं आणि बट्टी. ट्रेकला निघालो तशी निघाली आमच्याबरोबर, जशी काही फी भरली होती. गाईड पोरगा म्हणाला, खायला घालू नका, लागट होतात. पण यांना घालायची गरजच नव्हती, ती घेत होती.

पहिल्याच मुक्कामी मी बांधून नेलेल्या दशम्या बट्टीने सॅकची चेन नाकाने उघडून पळवल्या. वांग्याला वाटणीत दशमी आली नाही, म्हणून त्याने शेजारची लसणाच्या चटणीची पुडी फाडली. मनू, ते दृश्य तू बघायला हवं होतंस. आधी दोन चाटे मोठ्या मिटक्या मारत, मग थांबलं, मग आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही फसवलं. आणि मग पाव तास ते कुत्रं तोंड उघडं टाकून बर्फ खात धावत होतं. पप्पा हसून हसून खाली बसले. "खान्देशनं पाणी पाजं ना तुले!" म्हणाले. एवढे हसलेले मी त्यांना तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

बर्फाबद्दल थोडं लिहिते. लोक म्हणतात कापसासारखा. माझं बालपण कापूस वेचण्यात गेलं, मला विचार. बर्फ कापसासारखा अजिबात नाही. साबुदाण्याचं पीठ चिमटीत चोळलं की कसं करकरतं? तसा आवाज येतो पायाखाली, प्रत्येक पावलाला. पहाटेचा वेगळा, कोरडा. दुपारी ऊन लागलं की आवाज जातो आणि बूट रुततो. जुडा का तालाब नावाचं तळं आहे, तेही गोठलेलं. त्यावर बट्टीने जोरात धाव घेतली आणि तिचे चार पाय चार दिशांना गेले. तरी उठून परत तेच, परत तेच.

चढताना तुझे पप्पा नेहमीप्रमाणे माझ्या दहा पावलं पुढे. बाजारात पुढे, लग्नात पुढे, डॉक्टरकडे जातानाही पुढे. तरुणपणी दिवाळीत अस्तंभ्याची यात्रा रात्रभर चालून केली होती, त्याची गोष्ट त्यांनी तिथे प्रत्येकाला सांगितली. अश्वत्थामा अजून तिथे भटकतो, जखमेला तेल मागतो, वगैरे. पुण्याची पोरं कान देऊन ऐकत होती. पण अस्तंभा तेराशे मीटरच्या आसपास आणि केदारकंठा अडतीसशे. तिथे समुद्राकाठच्या मानाने हवा एक-तृतीयांशाहून जास्त कमी असते. हवेला कुणाची जुनी यात्रा माहीत नसते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मला पहिल्यांदा जाणवलं, की ते माझ्या पुढे नाहीत. बरोबर आहेत. मग थोड्या वेळाने मागे. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. आधी मला, खरं सांगते, मजा वाटली. मग मी वळून बघितलं तर ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे, आणि चेहरा राखेसारखा.

"काय होतंय?"

"माले काय व्हयनं नही. तू चाल."

वरच्या मुक्कामी तंबूमागे जाऊन त्यांनी उलटी केली. वरून पायाने बर्फ लोटला. बट्टीने तो पुन्हा उकरला, म्हणून मला कळलं. रात्री गाईड बोटाला ते ऑक्सिजनचं यंत्र लावायला आला, तर त्याआधी हे तोंड पलीकडे करून भराभर दीर्घ श्वास घेत होते, हात चोळत होते. आरटीओच्या तपासणीआधी गाडी पुसतात तसं. आकडा अठ्ठ्याऐंशी दाखवला. माझा एक्क्याण्णव. डोकं दुखतंय का, असं त्याने विचारलं. "अजिबात नाही." गाईड पुढच्या तंबूत गेला आणि यांनी कपाळाला माझा स्कार्फ आवळून बांधला.

वर चढताना डोकं दुखून उलटी झाली की आणखी वर जायचं नसतं, खाली यायचं असतं, हे आम्हाला पहिल्या दिवशीच नीट समजावलं होतं. मी गाईडला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर "तुझ्यामुळे राहिलं" हे मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं, आणि तेही चारचौघांत. एवढाच विचार केला मी. आता लिहिताना मला त्याची लाज वाटते.

रात्री उणे आठ-नऊ असेल. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ओट्यावर पाणी शिंपडून झोपणारी माणसं आपण. पाण्याची बाटली उलटी ठेवायची असते, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. फोन झोपायच्या पिशवीत पोटाशी घेऊन निजायचं, नाहीतर बॅटरी उतरते. ते रात्रभर कुशी बदलत होते. मीही जागीच होते, पण तसं दाखवलं नाही.

पहाटे तीनला निघायचं. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होऊन पाय घसरतात, म्हणून अंधारातच वर जायचं असतं. सगळे खाली वाकून बुटांना ते साखळीचे काटे लावत होते. पप्पांना मोजे घालून ते जमेना, म्हणून उजवा हातमोजा काढून त्यांनी शेजारी ठेवला. आणि वांगं आलं. त्याने चटणीचा सूड घेतला की काय देव जाणे. मोजा तोंडात धरून ते अंधारात पसार झालं, मागे बट्टी.

"अरे, मन्हा हातमोजा लई गयं रे ते!"

दहा-बारा टॉर्च इकडेतिकडे फिरल्या. दूरवर चार डोळे चमकले आणि विझले.

आता नीट वाच. माझ्या सॅकमध्ये हातमोज्यांचा एक जोड होता. तूच पाठवलेला, जास्तीचा, काळा, मोठ्या मापाचा. वरच्याच कप्प्यात होता. मी बोलले नाही.

गाईडने आपल्याकडचा जास्तीचा जोड आदल्या दिवशीच एका पोरीला दिला होता. पप्पांनी हाताला लोकरीचा पायमोजा घातला आणि म्हणाले, चला. मला वाटलं होतं तिथेच थांबतील! तासभर चढले ते तसे, हाताला पायमोजा, दर वीस पावलांना थांबत. आणि मी मागे, पाठीवर हातमोजे घेऊन. प्रत्येक पावलाला वाटायचं, आता देते. एका धारेवर गाईडने त्यांच्या बोटांवर टॉर्च मारली. टोकं पांढरी पडली होती. त्याने हात आपल्या काखेत धरला आणि सांगितलं, अंकल, खाली.

ते काही बोलले नाहीत. भांडतील असं वाटलं होतं.

गाईड मला म्हणाला, आंटी, तुम्ही मस्त चालताय, तुम्ही ग्रुपबरोबर जा, अंकलना माझा सोबती खाली नेईल. मनू, मला जायचं होतं गं. माझे पाय दुखत नव्हते, डोकं दुखत नव्हतं. वरती टॉर्चची रांग चाललेली दिसत होती, आणि मला त्या रांगेत असायचं होतं. मी "नको" म्हटलं. कुणी मला तसं म्हणायला लावलं नाही, हेही लिहून ठेवते.

उजाडलं तेव्हा आम्ही उतरत होतो. समोर स्वर्गारोहिणी आधी राखाडी, मग गुलाबी झाली. पांडव शेवटी त्याच वाटेने गेले म्हणतात. पप्पा बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "युधिष्ठिराचं कुत्रं स्वर्गाच्या दारापर्यंत गेलं बरोबर. आपलं मोजा घेऊन पळालं." तो जो फोटो सगळ्यांना दाखवतात ना, तो तिथला आहे. शिखरावर त्रिशूळ आहे म्हणे. या फोटोत नाही, कुणी नीट बघितलं नाही अजून.

सांकरीकडे उतरलो तशी दोन-तीन तासांत चेहऱ्यावर रंग आला, भूक लागली, बोटं लाल झाली. जेवताना ड्रायव्हिंगवर बोलायला लागले तेव्हा मी निश्चिंत झाले. संध्याकाळी वांगं आलं, तोंडात मोजा नव्हता. पप्पांनी त्याला बिस्कीट दिलं.

तर हे असं आहे. शिखराचा फोटो तू त्यांच्याकडे मागू नकोस, आणि जावईबापूंनाही सांग. शाल घेऊ दे. पायमोजा घालून तासभर चढलेला माणूस आहे, एका शालीएवढं तर चढलाच.

आता आखाजीला येशीलच. झोका अंगणातल्या निंबालाच बांधायचा आहे, दोर नवा आणलाय. ते काळे हातमोजे कपाटात गोधडीखाली ठेवले आहेत. तू घेऊन जा असं लिहिणार होते. पण राहू दे. काल घालून बघितले. मला थोडे मोठे होतात, पण आत लोकरीचे घातले की बरोबर बसतात.

फाटक वाजलं. थांबते.

तुझी,
आई