चष्म्याच्या दुकानातल्या काकांना, मनापासून

काका, नमस्कार. हे तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल, तिला सांगून ठेवलंय.

बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला नंबर वाढला म्हणून लक्ष्मी रोडजवळ तुमच्या दुकानात आले होते. तुम्ही ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत विचारत होतात, "हे क्लिअर की आधीचं?" आणि मला भीती की उत्तर चुकलं तर नंबरच चुकेल, म्हणून मी तुम्हालाच विचारलं, काका बरोबर कुठलंय? तुम्ही म्हणालात, "बाळा, तुला काय दिसतं ते मला कसं कळणार, तेच तर विचारतोय. नसेल कळत तर अंदाजानं सांग."

मग आरसा दिलात, म्हणालात एकदा डाव्या डोळ्याकडे बघ एकदा उजव्या, डोळा हलताना दिसतोय का? नाहीच दिसला!! समोर बसलेल्या तुम्हाला मात्र दिसत होता. नजर सेकंदाला साधारण तीनदा उडी मारते आणि तेवढ्यापुरतं मेंदू दिसणं दाबून टाकतो, हे मी नंतर वाचलं, पण त्या रात्री झोप आली नव्हती एवढं खरं.

घरी सगळे आयटी आयटी करत होते तेव्हा तुम्ही दुपारी एक ते चार दुकान बंद असताना मागची अंधारी खोली मला दिलीत. किती फिकट पट्ट्या माणसाला दिसतात ते तपासायला लॅपटॉपवर फिकट करड्या पट्ट्या, आणि बघायला शेजारचे टेलरकाका, फुलवाल्या मावशी, त्यांची सून. एकदा मी मावशींना "दिसलं ना?" असं विचारलं तर तुम्ही केवढे चिडलात, आवाजात उत्तर घालायचं नाही म्हणालात आणि त्या दिवसाची सगळी रीडिंग टाकून द्यायला लावलीत. तेव्हा रडू आलं होतं. आज माझ्या ज्युनियरला मी तेच सांगते.

फेक्नर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं 1860 साली सायकोफिजिक्सचं, म्हणजे बाहेरची गोष्ट आणि माणसाला होणारी तिची जाणीव यांचं नातं मोजण्याच्या शास्त्राचं पुस्तक लिहिलं, त्यातला मूळ प्रश्न तुमचाच आहे काका, बाहेर किती बदललं की माणसाला फरक जाणवतो. आता पीएचडीत मी स्क्रीन दोनदा दाखवते, पट्ट्या एकदाच असतात, आणि दिवसभर हेच विचारते, पट्ट्या पहिल्यांदा होत्या की दुसऱ्यांदा? नुसता अंदाज मारला तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात, म्हणून "दिसलं" म्हणायला आम्ही 75 टक्के बरोबर उत्तरांची रेघ धरतो. आणि "काहीच दिसत नाहीये हो" म्हणणारी माणसंसुद्धा बरेचदा निम्म्याच्या वर जातात. तुमचं ते "अंदाजानं सांग" मला दर वेळी आठवतं.

पहिला पेपर पाठवलाय, आभारात तुमचं नाव आहे. दिवाळीत प्रिंट घेऊन येते. नंबरही तपासायचाय, या वेळी बरोबर कुठलं ते विचारणार नाही.