डिचोलीत क्लिनिक टाकायचं म्हणतोस तर...

प्रिय सुहास,

तुझा मेसेज वाचून खूप बरं वाटलं रे. तू गोव्यात परत येऊन डिचोलीत क्लिनिक टाकायचं म्हणतोस, यापेक्षा चांगली बातमी मला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. पण पुढे जे विचारलंस ना, की डॉक्टरांसाठी एवढे नियम बदललेत म्हणे, एकट्या जीपीला, म्हणजे साध्या फॅमिली डॉक्टरला, झेपेल का, त्याचं उत्तर फोनवर अर्धवट राहिलं असतं म्हणून सगळं टाईप करतोय, निवांत वाच.

आधी तुझ्या मनातल्या भीतीबद्दल. 1 जुलै 2024 पासून आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, त्यातलं कलम 106 आपल्या कामाचं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि रजिस्टर्ड डॉक्टरला उपचार करताना झालं तर दोन वर्षांपर्यंत. डिसेंबर 2023 मध्ये लोकसभेत घोषणा झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं डॉक्टर यातून सुटलेच, ग्रुपवर अभिनंदनं पण झाली, पण कायदा हातात आला तेव्हा कळलं की आयपीसीच्या जुन्या कलम 304 अ मध्ये तुरुंग किंवा दंड किंवा दोन्ही असं होतं, आता तुरुंग आणि दंड दोन्ही लिहिलंय. म्हणजे फार काही सुटलेलं नाही. आपला खरा आधार अजूनही सुप्रीम कोर्टाचा 2005 चा जेकब मॅथ्यू निकालच आहे, तक्रार आली म्हणून लगेच अटक करायची नाही, आधी त्या विषयातल्या दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घ्यायचं. तो निकाल प्रिंट काढून क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये ठेव, खरंच सांगतो.

प्रिस्क्रिप्शनचं विचारलंस. एनएमसीने, म्हणजे डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, 2 ऑगस्ट 2023 ला आचारसंहितेचे नवे नियम काढले, ब्रँड नको, औषधाचं मूळ जेनेरिक नावच लिहायचं, पाच वर्षांत प्रशिक्षणाचे 30 क्रेडिट मिळवायचे वगैरे, आणि तीन आठवड्यांत स्थगितीही दिली, त्यामुळे 2002 चेच नियम चालू आहेत. त्यातही 2016 पासून जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा असंच आहे. माझं मत सांगू? पेशंटला औषध स्वस्त मिळालं पाहिजे हे मला मनापासून पटतं, आपल्या भागात खाणी थांबल्यापासून कितीतरी घरांत बीपी शुगरच्या गोळ्या महिनाअखेरीस एक दिवसाआड घेतल्या जातात, मी रोज बघतो. पण नुसतं जेनेरिक नाव लिहिलं की कुठल्या कंपनीची गोळी द्यायची ते फार्मसीवाला ठरवणार आणि गुण आला नाही तर पेशंट विचारणार मला. आधी प्रत्येक बॅचची नीट तपासणी होऊ दे, मग मी ब्रँडचं नाव कायमचं विसरतो. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कफ सिरपमधल्या विषारी डायएथिलीन ग्लायकॉलने लहान मुलं गेली, सिरप कंपनीने बनवलं, तपासणी कुठेतरी राहिली, आणि अटक झालेल्यांत लिहून देणारा डॉक्टरही होता. त्या बातमीने मला झोप लागली नाही. त्यानंतर केंद्राने सांगितलंय, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाचच्या आतल्यांना शक्यतो नकोतच, हे मात्र अगदी योग्य आहे, तूही पाळ, आई कितीही म्हणाली "दोतोर, कितें तरी दी" तरी.

आता जे मला खरं सांगायचंय ते. या सगळ्या भीतीचा परिणाम कुठे दिसतो माहितेय, रेफरलमध्ये, म्हणजे पेशंटला पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवण्यात. गावातला डॉक्टर घाबरला की छातीत जरा दुखलं, रेफर, पोरगं दोन दिवस तापलं, रेफर, म्हातारी चक्कर येऊन पडली, रेफर, चिठ्ठीवर गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, लिहायचं आणि मोकळं व्हायचं. मग सगळा गोवा बांबोळीला जाऊन थांबतो, वर सिंधुदुर्ग आणि कारवारचे पेशंट वेगळे. कॅज्युअल्टीत उभं राहायला जागा नसते, नातेवाईक चिडतात, आणि तो राग सगळा निघतो ड्युटीवरच्या पोरावर किंवा पोरीवर. जून 2025 ची ती घटना आठवतेच तुला, आरोग्यमंत्री कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरवर सगळ्यांसमोर ओरडले, व्हिडिओ देशभर फिरला, निलंबन जाहीर झालं, मुख्यमंत्र्यांनी ते रद्द केलं, डॉक्टर रस्त्यावर उतरले, मग माफी आली. त्याच्या आदल्याच वर्षी कोलकात्याच्या आरजी कर हॉस्पिटलातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार आणि खुनानंतर 17 ऑगस्टला डॉक्टरांच्या संघटनेचा, आयएमएचा, देशभर बंद होता, मीही क्लिनिक बंद ठेवलं होतं. गोव्यात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, 2013 चा. पण रात्री दोनला दहा माणसं अंगावर आली तर कायद्याचं पुस्तक मध्ये येत नाही रे. गर्दी कमी झाली तरच राग कमी होईल आणि गर्दी कमी करायची जागा आपलं क्लिनिक आहे.

आणि हे होऊ शकतं हे आपल्याच राज्याने दाखवलंय. 2018 च्या शेवटी सुरू झालेला हार्ट अटॅकसाठीचा स्टेमी गोवा प्रकल्प आठव. गावातल्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढायचा, तो गोमेकॉतल्या कार्डिओलॉजिस्टने बघायचा, हार्ट अटॅक असेल तर रक्ताची गाठ विरघळवणारं टेनेक्टेप्लेस इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि मग 108 ने पाठवायचं. जो डॉक्टर एरवी हात न लावता रेफर करत होता तोच आता हे इंजेक्शन देतो, कारण त्याच्या मागे कुणीतरी उभं आहे! भीती अशी जाते. मला हेच साप चावण्यासाठी, फिट्ससाठी, लहान मुलांच्या तापासाठी हवंय, आणि सरकारी केंद्रापुरतं नको, आपल्यासारख्या खासगी जीपीलाही त्या फोनवर घ्या. आम्ही तालुक्यातले काही जण मिळून हे लिहून देणार आहोत, तू आलास की तुझीही सही पाहिजे.

बाकी कागदपत्रांचा त्रास आहे पण झेपेल. 2019 मध्ये गोव्याने स्वतःचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला, क्लिनिकची नोंदणी त्याखाली करायची. बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांचं तुला सांगायला नको. दीनदयाळ कार्डाबद्दल, म्हणजे राज्याच्या आरोग्य विम्याबद्दल, लोक विचारत राहतील, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्याला चार लाख, पण ते ॲडमिट होण्यासाठी, तुझ्या ओपीडीच्या फीशी त्याचा संबंध नाही हे पहिल्या दिवसापासून समजावत जा.

आणि एक काम आजच कर. डॉक्टरांच्या देशपातळीवरच्या नोंदणीचं नॅशनल मेडिकल रजिस्टर पोर्टल ऑगस्ट 2024 पासून चालू आहे, तिथे आधार, डिग्री आणि मेडिकल कौन्सिलचं सर्टिफिकेट लागतं. तुझ्या डिग्रीवर वडिलांचं नाव आहे आणि आधारवर नाही असं मला अंधुक आठवतंय, तर ते आधीच सारखं करून घे. तू आता आहेस तिकडच्या कौन्सिलची एनओसीही, म्हणजे ना हरकत दाखलाही, आत्ताच मागून ठेव, इथे आल्यावर त्यासाठी खोळंबून राहू नकोस.

चवथीला येतोयस ना? बाजाराजवळ एक तळमजल्याची जागा रिकामी होणार आहे, मालक ओळखीचे आहेत. कळव, त्यांना थांबायला सांगतो.

तुझा,
दिगू