महोत्सव भाजीचा, बियाण्याचं काय?

संपादक महोदय,

ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. टाकळा, कुर्डू, भारंगीच्या जुड्यांना गिऱ्हाईकही मिळतं. चांगलंच आहे. पण चाकवत, माठ, राजगिरा, अंबाडी या परसातल्या नि बांधावरच्या भाज्यांचं घरचं बियाणं बिघडत चाललंय, आणि पुष्कळदा ते बी धरतानाच बिघडतं.

होतं असं, की रुंद पानांची चांगली झाडं जुडीत जातात. लवकर तुऱ्यावर आलेली, भाजीच्या कामाची न उरलेली झाडं बियाण्याला राहतात. काही हंगाम असंच चाललं की सगळा वाफा लवकर फुलतो, पानं बारीक राहतात आणि दोष वाणाला दिला जातो. म्हणून पेरतानाच वाफ्याचा एक कोपरा बियाण्याला राखावा. तिथे विळा लावू नये. लवकर तुरा काढणारी झाडं फुलण्याआधीच उपटून भाजीला न्यावीत. उशिरा फुलणारी पन्नासेक झाडं तरी ठेवावीत. तांबड्या माठाशेजारी हिरवा फुलू दिला तर पुढच्या पिकात रंगांची सरमिसळ होते. अंबाडीचं वेगळं: ती जून-जुलैतच पेरावी. उशीर झाला तर दिवस लहान होताच ती खुरटी असतानाच फुलते.

माठ-राजगिऱ्याचा तुरा तळहातावर चोळून बी सुटू लागलं की सकाळी, दव असताना कापावा. उन्हात बी झडतं. तुरे कापडावर सावलीत वाळवावेत, तापलेल्या पत्र्यावर नको. बी गार झाल्याशिवाय बाटलीत भरू नये, नाहीतर आतून वाफ धरते नि बुरशी येते. तळाशी चाळलेली कोरडी राख, वर बियाण्याची पुरचुंडी, घट्ट झाकण. पेरताना चार-पाचपट बारीक वाळू मिसळावी. बी अर्धा-एक सेंटीमीटरहून खोल गेलं तर वर येत नाही. उगवण विरळ झाली तर आधी आठवावं, त्या रानात मागच्या मक्याला अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारलं होतं का? ते जमिनीत महिनोन्‌महिने राहतं आणि माठाची रोपं जाळतं.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या बीज बँकेचं कौतुक सगळेच करतात, पण साठवलेलं बीही अधूनमधून पेरून ताजं करावं लागतं. ते शेतकऱ्यांच्या वाफ्यांतच होणार. तेव्हा यंदाच्या महोत्सवात जुडीशेजारी बियाण्याची पुडीही विकायला ठेवा. तिच्यावर वाण, गाव आणि बी धरल्याचा महिना लिहिलेला असावा.

आपले,
बियाणं राखणारे काही शेतकरी, ता. अकोले