शपथ वर्गात, स्टिकर वखारीत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आंब्याचा हंगाम संपला की भेसळीच्या बातम्याही संपतात, म्हणून हे पत्र आताच लिहिते आहे. मी एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर पावस गावाजवळ, आप्पांची हापूसची साठेक कलमे आहेत.

पहिल्या वर्षी आम्हाला व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय होता. २००९ साली हार्वर्डच्या एम.बी.ए. विद्यार्थ्यांनी सचोटीने धंदा करण्याची शपथ तयार केली होती. तशीच एक आम्हीही वर्गात उभे राहून घेतली. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्चायचे, हे अजून तोंडपाठ आहे. मार्कही चांगले पडले.

मग इंटर्नशिपसाठी एका आंबा व्यापाऱ्याकडे गेले. आठवड्याभरात एका रात्री ट्रक आला. माल कर्नाटकचा. तो 'रत्नागिरी हापूस' छापलेल्या खोक्यांत भरायला घेतला आणि स्टिकर लावायचे काम माझ्याकडे आले. साल जाड, वास वेगळा. बागेत वाढलेल्या पोरीला हातात घेताच कळते. विचारले, तर शेठ हसले. "गिऱ्हाईक नाव खातं गो, आंबा कोण बघतो?"

मी स्टिकर लावले. शेवटच्या दिवसापर्यंत लावले, कारण प्रमाणपत्रावर सही त्यांचीच लागणार होती. प्रोजेक्टमध्ये त्याच कामावर 'पॅकेजिंग आणि ब्रँडिंग' असे प्रकरण लिहिले. ते सरांना आवडले.

कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव त्या भागातल्या आंब्यालाच लावता येते. ते खोटेपणाने वापरणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि वर दंड, अशी कायद्यात तरतूद आहे. हे मी नंतर वाचले; वर्गात कोणी बोलले नव्हते. कर्नाटकच्या आंब्याशी माझे भांडण नाही, त्याच्या नावाने विकला तर मीही घेईन. पण इथे मोहोर गळून पुन्हा येतो, तुडतुड्यावर फवारण्या होतात, वानरांसाठी राखण्या ठेवावा लागतो, आणि एवढे करून पेटी गेली की दलालाचा फोन, "रत्नागिरीचा माल ढीगभर आलाय, भाव नाही." त्या ढिगात माझ्या हातची खोकी असणारच.

महाविद्यालयांना एकच सांगणे आहे. गैर दिसल्यावर काम सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे ऐकून घेणारा एक शिक्षक नेमा, त्याला दुसरी जागा मिळवून द्या आणि त्याचे मार्क कापू नका. ही सोय असती तर मी दुसऱ्याच दिवशी घरी आले असते, असे वाटते. खात्रीने सांगवत नाही.

आप्पांना अजून काही बोललेले नाही. कृपया नाव छापू नये.

आपली,
एक विद्यार्थिनी, जि. रत्नागिरी