मत वाया जाण्याची भीती कशामुळे?

महोदय,

तिसऱ्या पक्षाला मत देणे म्हणजे ते वाया घालवणे, असे द्विपक्षीय राजकारण रुजलेल्या देशांत मतदाराला प्रत्येक निवडणुकीत बजावले जाते आणि मतमोजणीच्या पद्धतीमुळे ते बहुतेकदा खरेही ठरते. निम्म्याहून अधिक मते विरोधात पडली तरी सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, असा नियम असला की लोक मनातल्या उमेदवाराला सोडून नावडत्याला पाडू शकेल अशा उमेदवाराकडे वळतात. अमेरिकेत १९९२ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते मिळूनही अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणाऱ्या निर्वाचक मंडळातले एकही मत त्यांच्या वाट्याला आले नाही. पुढे २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला, तेव्हा तेथे तिसऱ्या पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांना मत देणाऱ्या ९७ हजारांहून अधिक नागरिकांवर डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांच्या पराभवाचे खापर फोडण्यात आले. आपल्या पसंतीप्रमाणे मत दिले म्हणून नागरिकाला अपराधी ठरवणारी पद्धत मला तरी मुळातच सदोष वाटते.

पसंतीक्रमाने मतदान झाले, तर पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाल्यावर तेच मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. अमेरिकेतल्या मेन राज्याने २०१८ पासून आणि अलास्काने २०२२ पासून ही पद्धत वापरली आहे. मात्र एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा असेल, तर मतांच्या प्रमाणात जागा मिळण्याची हमी पसंतीक्रमही देत नाही.

न्यूझीलंडचा अनुभव म्हणूनच अधिक मोलाचा आहे. तेथे १९८१ साली सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मते मिळाली, पण ९२ पैकी जागा मिळाल्या दोनच. शिवाय १९७८ आणि १९८१ अशा दोन्ही वेळा अधिक मते मिळवणारा मजूर पक्ष विरोधात बसला. शाही आयोगाने १९८६ मध्ये मिश्र प्रमाणशीर पद्धतीची, म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात त्याच्या एकूण जागा ठरवणाऱ्या पद्धतीची, शिफारस केली, १९९३ च्या सार्वमतात ती मंजूर झाली आणि १९९६ पासून मतदार एक मत स्थानिक उमेदवाराला, तर दुसरे पक्षाला देऊ लागले. आघाडी सरकारे अस्थिर असतात, हा आक्षेप तेथेही घेतला गेला होता. पण अशा सरकारांचा पंधरा वर्षांचा अनुभव घेतल्यानंतर, २०११ च्या सार्वमतात, बहुसंख्य मतदारांनी हीच पद्धत कायम ठेवली.

ज्या नियमाने आपण निवडून आलो तो बदलण्याची घाई कोणत्याही सत्ताधाऱ्याला नसते. त्यामुळे पर्याय सुचवण्याचे काम स्वतंत्र आयोगाकडे सोपवावे आणि अंतिम निर्णय सार्वमताने व्हावा.

– एक वाचक