पन्हाळ्यावरून थेट दर्यावर

कोल्हापूर,
त्रिपुरी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. काल पहाटे पंचगंगेच्या घाटावर दीपोत्सवाला गेलो होतो. पायऱ्यांवर पणत्या लावता लावता आमची ही म्हणाली, "भावजींच्या पत्राचं उत्तर लिहिलंत का? जानेवारी काय लांब नाही आता." म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून बसलोय.

लग्नाला वीस वर्षं होतायत तुमच्या. वहिनींना समुद्र हवाय आणि तुला गडकोट. गोवा, दीव की अंदमान असं तू विचारलंस. माझं सरळ म्हणणं आहे, महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसा, कोल्हापूरला या आणि इथून मालवणला जा. आमच्या गावाजवळ आहे म्हणून सांगत नाही. त्यामागं कारण आहे, ते नीट ऐक.

लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा समुद्रावर गेलो ते गोव्याला. चार दिवसांचा बेत होता. एक दिवस चर्च, एक दिवस किल्ला, एक दिवस बाजार आणि उरलेल्या वेळात समुद्र. जुन्या गोव्यातली चर्चं बघून मी भारावून गेलो, आग्वादचा किल्लाही मनापासून आवडला. पण किनारा एकीकडं आणि इतिहास दुसरीकडं, अर्धा वेळ गाडीतच गेला. मी बघत हिंडायचो आणि ही मागं सावली शोधत बसायची. तिसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांशी धड बोलतही नव्हतो. त्यात खोली "समुद्रासमोर" म्हणून घेतलेली आणि समुद्र निघाला पार पलीकडं, सुकत घातलेली मासळी ओलांडून. तेव्हापासून खोली ठरवताना मी एकच विचारतो, दारातून निघाल्यावर पाय ओले व्हायला किती मिनिटं लागतात? तूही हेच विचार. फोटोवर जाऊ नकोस.

मालवणचं तसं नाही. तिथं तू वाळूत पाय पसरून बसलास तरी किल्ला समोर पाण्यात उभा असतो. वहिनी लाटा बघतील, तू तट बघशील, आणि दोघं एकाच दिशेला बघत असाल. जोडप्यासाठी जागा निवडताना मी आता हेच बघतो.

पण सुरुवात पन्हाळ्यापासून कर. गावापासून जेमतेम वीस किलोमीटर. अंबरखान्याची धान्याची कोठारं, तीन दरवाजा, सज्जा कोठी एका सकाळीत होतं. तुला इतिहास सांगायची गरज नाही, पण सज्जा कोठीच्या खिडकीत उभा राहिलास की दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघ. जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज भर पावसात रात्री याच गडावरून निसटले, बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली. आणि 25 नोव्हेंबर 1664 ला त्यांनी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. मधे साडेचार वर्षंही नाहीत. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा अंगावर काटा आला.

आणखी एक गोष्ट. पन्हाळा बांधला शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं, बाराव्या शतकाच्या अखेरीला. खाली समुद्रावरचा विजयदुर्गही त्याचाच. म्हणजे घाटावरचा गड आणि घाटाखालचं बंदर आठशे वर्षांपूर्वीही एकाच हाताखाली होतं. मालवण-कोल्हापूर नातं पुढंही टिकलं, सिंधुदुर्ग कित्येक वर्षं करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीकडं होता. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन तुला या एकाच फेरीत भेटतील. वहिनींना मात्र हे सगळं आधी सांगत बसू नकोस, जागेवर गेल्यावर थोडं थोडं सांग.

गगनबावड्यामार्गे उतरा. खाली जायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट आहेत. कुठला चालू आहे ते निघताना विचारून घे, कामासाठी रस्ता बंद ठेवतात कधीकधी. वैभववाडी, तळेरे करून विजयदुर्ग गाठायचा. तिथं एक दुपार दे. तीन बाजूंनी पाणी, आत वाघोटनची खाडी शिरलेली, आणि तट एकामागं एक. 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून आले आणि आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जळालं. तटावर उभं राहून खाली पाणी बघताना वाईट वाटतं रे. मी तिथं बराच वेळ गप्प होतो. ही शेजारी येऊन बसली आणि तिनंही काही विचारलं नाही.

तिथून किनाऱ्याच्या रस्त्यानं देवगड, कुणकेश्वर, आचरा करत मालवण. कुणकेश्वराचं देऊळ समुद्राला इतकं लागून आहे की गाभाऱ्यातून बाहेर आलं की समोर लाटा. वहिनींना ते आवडेल.

राहायला तारकर्ली किंवा देवबाग बघा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला दर्या आणि मधे नारळीच्या बागांची चिंचोळी पट्टी. मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती राहा, जेवण घरचं मिळतं. वहिनी मासे खात नाहीत हे लक्षात आहे माझ्या. काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे आणि सोलकढी असं सांगून ठेव, तक्रारीला जागा राहणार नाही. तू मात्र बांगडा सोडू नकोस.

पहाटे एकदा तरी किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीनं लांबून अर्धगोल जाळं टाकून आणलेलं असतं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं मागं मागं सरत ते किनाऱ्याला ओढत असतात. आम्ही बघत उभे होतो, तर एका म्हाताऱ्या बाईनं हिला हाक मारली, "ये गो, धर!" हिनं चप्पल काढून दोर धरला, मग मीही धरला. ओला दोर तळहाताला करकचून लागतो आणि पायाखालची वाळू सरकत राहते. तासाभरानं जाळं आलं, बांगडे आणि तारल्या चांदीसारख्या उडत होत्या. त्या बाईनं हिच्या ओंजळीत चार बांगडे घातले, पैसे घ्यायला तयार नाही. मागचं वर्ष वडिलांच्या आजारपणात गेलं होतं आमचं. हिनं दवाखान्यात कितीतरी रात्री खुर्चीवर काढल्या होत्या. त्या सकाळी ओले बांगडे हातात घेऊन ती जशी हसली, तसं मी तिला दोन वर्षांत हसताना बघितलं नव्हतं.

सिंधुदुर्गाला पहिल्या नावेनं जा, दुपारचं ऊन सोसत नाही. नाववाला साधारण तासाभराचाच वेळ देतो. तुला तेवढा पुरणार नाही, तेव्हा चढायच्या आधीच बोलून जास्त वेळ ठरवून घे. महाद्वार तटाच्या वळणात असं लपवलंय की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पायात शिसं ओतून भिंती उभ्या केल्या म्हणतात. चुन्याच्या लादीवर उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे बघ. शिवराजेश्वराच्या देवळातली मूर्ती नेहमीच्या चित्रातल्यासारखी नाही, दाढी नाही आणि डोक्याला कोळ्यांसारखी टोपी आहे. दर्यावरच्या माणसांनी राजाला आपल्यातला करून घेतलाय.

आणि तिथल्या विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी. काठावर उभं राहून मी हिला म्हणालो, जागा निवडताना आधी पाणी बघितलं असणार बघ. ती म्हणाली, "घर बांधताना तुम्ही कुठं बघितलंत?" आमच्या बोअरची कथा तुला ठाऊक आहे.

परतताना फोंडा घाटानं या, दाजीपूरचं जंगल आणि शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरीचं धरण वाटेत आहे.

वहिनींना अगदीच शांत हवं असेल, किल्ल्यांची चढउतार नको असेल, तर दुसरा पर्याय रत्नागिरीचा. आंबा घाटानं जायचं, गणपतीपुळ्याला राहायचं, आणि एक संध्याकाळ थिबा राजवाड्यासाठी ठेवायची. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून इकडं आणून ठेवलं. हा वाडा 1910 च्या सुमारास बांधून झाला, आणि 1916 मध्ये इथंच राजा वारला. आपल्या देशापासून इतक्या लांब, राणीबरोबर, रोज हाच समुद्र बघत. टेकडीवरून सूर्य बुडताना बघितला की ते मनातून जात नाही. लोकमान्यांचं जन्मघरही त्याच गावात आहे. पण दोन्हीकडं पळापळ करू नकोस. तीन रात्री असतील तर एकच किनारा धर. दीव आणि अंदमान सुंदरच असणार, पण त्यांना जास्त दिवस हवेत, मुलांच्या परीक्षा तोंडावर असताना ते जमायचं नाही.

जानेवारीत जोडून सुट्ट्या येतात ते दिवस टाळ, पुण्या-मुंबईची गर्दी असते. मधल्या वारी या. वहिनींना दम्याचा त्रास आहे, तेव्हा स्कूबाच्या भानगडीत पडू नका. नाहीतर आधी डॉक्टरांना विचारा.

तिकीट काढलंस की लगेच कळव. स्टेशनवर घ्यायला मी येतो. पहिली रात्र आमच्याकडं, तांबडा-पांढरा तुला आणि वहिनींना हिच्या हातची आमटी. गाडी आमची घेऊन जा, आताच सर्व्हिसिंगला टाकतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रंकाळ्यावरचा दोस्त

ता. क. ही म्हणतेय, येताना मालवणी खाजं आणि खटखटे लाडू आणायला सांगा. विसरू नकोस.